वेळ पाहणारी

पहिले तीन महिने मी फक्त खुर्च्या मांडल्या.
साखर पेठेतल्या वाचनालयाचा वरचा हॉल,
रविवार, सकाळचे नऊ, पत्र्याखाली तेव्हाच चटका.
खुर्च्या चाळीस. माणसं यायची सोळा.
कोरे सर म्हणायचे, मांडायच्या चाळीसच.
का, ते सांगायचे नाहीत.

आमच्या घरी खाली आठ माग, माडीवर आम्ही.
मागाच्या खडखडाटात कुणी बोलत नाही,
बोट वर केलं की कांडी, तळवा आडवा की थांबव.
म्हणून माझा आवाज मोठा, वाक्यं तोकडी.
"येमुल, तुम्ही वेळ पाहा," सर म्हणाले,
तेव्हा मी घरून तीन टॉवेल नेले,
हिरवा, पिवळा, लाल,
ऑर्डरीतून परत आलेले, काठाचा धागा सुटलेला.
पाच मिनिटं, सहा, सात.

पहिल्यांदा लाल वर केला तो सरांवरच.
हात कापत होता. ते चौथ्या मुद्द्यावर होते, मुद्दे नऊ.
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
कागदाची घडी करून खिशात घातली, बसले.
घरी जाताना रिक्षात मला
त्यांचं ते बसणंच आठवत राहिलं.

मग अडखळे मोजायचं काम आलं.
वहीत रेघा. बागवानांच्या समीनाचे अकरा "म्हणजे".
कुंभारीचे कल्लप्पा बोलायचे मराठीत,
दम मात्र कानडीत घ्यायचे: अंद्रे… अंद्रे…
आमच्या गल्लीतली श्रीलता: अंटे…
मी तीन रकाने आखले, मग खोडले.
खड्डा एकच, नावं तीन.
तिथे आलं की सगळेच एक पाय उचलून धरतात
पुढचा शब्द सापडेपर्यंत.
सभेत आकडे वाचून दाखवले, तेव्हा
कल्लप्पांनी रुमाल काढून उगीच मान पुसली.
पुढच्या रविवारपासून मी आकडा चिठ्ठीवर लिहून
घडी करून ज्याच्या त्याच्या हातात ठेवू लागले.
नियमात तसं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

आणि मग मे महिन्यातला तो रविवार.
साडेनऊला कुणाचा तरी फोन वाजला: पाणी आलं!
पाचव्या दिवशी यायचं ते चौथ्याच दिवशी.
हॉलमधून जिना वाहायला लागला.
सर स्वतःचं वाक्य अर्ध्यावर टाकून
चपला शोधत होते, एक पाय कल्लप्पांच्या चपलेत.
जाता जाता मनगटावरचं घड्याळ काढून
माझ्या हातात दिलं. "चालू ठेवा."

उरलो पाच जण. खुर्च्या चाळीस.
वक्ता नाही, परीक्षक नाही.
आमच्याही घागरी रिकाम्याच होत्या,
फोन टेबलावर थरथरत सरकत होता.
मी तो उपडा ठेवला.

दाराशी नदाफचाचा, हॉलची किल्ली त्यांच्याकडे,
चार वर्षं दर रविवारी उंबऱ्याबाहेर उभे.
म्हटलं, चाचा, आत या. आज तुम्ही बोला.
"मी? मी काय बोलू?"
किल्लीवर बोला.

बोलले. जुनं पितळी कुलूप,
पावसाळ्यात ते कसं रुसायचं, त्याला तेल कोणतं,
आणि सुट्टीत आत कोंडलं गेलेलं कबूतर,
ज्याने तिसऱ्या दिवशी किल्लीचा आवाज ओळखला.
मी हिरवा दाखवला. पिवळा दाखवला.
लाल मांडीवर घेऊन बसले, उचलवेना.
चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"आता लाल येईल," म्हणाले. "थांबतो."
घड्याळात बरोबर सात.

पाच जणांच्या टाळ्या चाळीस खुर्च्यांत कशा वाजतात
ते लिहायला वहीत रकाना नव्हता.
खुर्च्या उचलायला लागले,
तर दुसऱ्या टोकाला पोरं आधीच रचत होती.

घरी पोचले तेव्हा नळ नुसताच फुसफुसत होता.
आई जिन्यातच सुरू झाली, तेलुगूत,
मी, माझं मंडळ, माझे टॉवेल, कोरड्या घागरी.
सरांचं घड्याळ माझ्या मुठीत होतं, सवयीने पाहिलं.
साडेतीन मिनिटं.
एकही अंटे नाही.