सांगण्याजोगं

पेडण्याच्या कोर्टात मी दुभाष्या आहे, एकोणीस वर्षं.
टेबलावर शब्दकोश, पुठ्ठा सुटलेला, फायलींच्या दोऱ्यानं बांधलेला.
त्यात न बोलता येणाऱ्याची केवढी श्रीमंती:
अवर्णनीय, अनिर्वचनीय, शब्दातीत, अकथ्य,
कीर्तनांनी, निरोपसमारंभांनी घासून गुळगुळीत केलेले.

आणि जे बोलता येतं, त्याच्यासाठी?
वर्णनीय म्हणजे नुसतं सुंदर.
उल्लेखनीय म्हणजे प्रशस्तिपत्रक.
वाच्य कुणी घरात वापरत नाही,
आणि वाच्यता झाली
की कुणाची तरी अब्रू जाते.

मंगळवारी आगरवाड्याची द्वारका साक्षीला उभी होती.
दावा असा की भरतीच्या रात्री मानस उघडी राहिली,
बांध फुटला, मिठागर गेलं.
(मानस म्हणजे खाडी अडवणारं फळ्यांचं दार.
बेळगावच्या वकिलाला पाऊण तास वाटत होतं
की चर्चा मनाची चालली आहे.)

पाणी कसं आलं? वर्णन करा.
"आयलें तशें आयलें."
आलं तसं आलं, मी म्हणालो.
टंकलेखकाची बोटं हवेतच.

मीठ किती होतं?
"चाळीस पोतीं."
हे खटाखट उमटलं.

मग सकाळी काय दिसलं?
ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"खाऱ्या उदकांत मीठ गेलें, साहेबा.
सांगपासारकें कितें ना."

आता आली का पंचाईत.
सांगता येईल असं काही नाही?
सांगावं असं?
की सांगून काही हाती लागेल, असं?
तिघांना ती एकाच ओच्यात घेऊन उभी,
आणि मला एकच उचलायचं,
टंकलेखकाचं बोट खाली येण्याआधी.

सांगण्याजोगं काही नाही, मी म्हणालो.
जोगं. पोराला पुढच्या वर्षीही होईल
असा सदरा घेतात ना, तसा शब्द.
बाह्या लोंबतात, पण अंग झाकतं.
न्यायाधीशबाईंनी मान हलवली. पुढची तारीख.

परतताना स्कूटर बांधावर लावली.
मानसीला नव्या फळ्या, अजून डांबराचा वास.
भरती चढत होती
आणि येणारं पाणीच दार ढकलून बंद करत होतं.
जाळंवाला पोरगा म्हणाला, शेवटे हवेत तर ओहोटीला या.

मी वाकून बोट बुडवलं, चाखलं.
खारट.
तेवढं सांगता येतं.
खाडीचं की चाळीस पोत्यांतलं,
ते मला शपथेवर विचारू नका.