टक्

कावळा नाक्याच्या सिग्नलपर्यंत गार होतं.
हिरवा पडला आणि जाळीतून
एकदम लोहाराचा भाता.

दोघांनी न बघताच सांगितलं, गॅस गेला, अडीच हजार.
उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं,
म्हणाले, बटण दाबा. परत दाबा.
आणि कान देऊन उभे राहिले,
शेजारच्या लेथचा आवाज हातानं बाजूला सारल्यागत.

"टक् येत न्हाई."

गेज लावला. गॅस भरपूर.
फ्यूज उन्हात धरला. तार शाबूत.
"कॉम्प्रेसर बरा हाय ओ. त्येला हाक पोचंना."
मग काळ्या डबीतला चौकोनी रिले उपटून
तिथं हॉर्नचा बसवला. मापानं सारखाच.

टक्.

पायांशी गारवा आला, मांजरासारखा.
"उद्या नवा आणतो, दीडशेचा.
आज दमानं जावा. हॉर्न न्हाई."

गंगावेशीत म्हशी आडव्या आल्या,
त्यांच्या मर्जीनं गेल्या.
फाटकाशी सवयीनं अंगठा दाबला.
काहीच नाही.

काच खाली केली, गारवा सगळा गल्लीत,
आणि कितीतरी वर्षांनी
नावानं हाक मारली,
वैजू.

ती धावतच आली.
काय झालं हो, म्हणाली.