ओळ क्रमांक दोनशे चौदा

नऱ्ह्याच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर
ढमढेरे आले, वही घेऊन.
खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
गेजवरचा काटा वाचलेला माणूस.
पतपेढीच्या साइटवर जे आलं ते सगळं
त्यांनी उतरवून आणलं होतं, निळ्या शाईत,
साडेचार पानं,
एकही खाडाखोड नाही.

"व्याजाचा दाखला काढायला गेलो, तर हे आलं.
दोनदा वाचलं.
यात मी सही कुठे करायची?"

मी वही घेतली.
टिंबंसुद्धा गोल, ठाशीव. कंसात कंस.
प्रत्येक ओळीच्या डोक्यावर अ‍ॅट, अ‍ॅट, अ‍ॅट,
समासापासून सारख्याच अंतरावर,
पाढे लिहावेत तसे.
तिसऱ्या पानावर एका आकड्याखाली रेघ.
"हे दोनशे चौदा काय आहे?
तिथून बिघडलंय असं दिसतंय."

बरोबर दिसत होतं.
ती ओळ माझी.
दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या सुट्टीआधी, घाईत लिहिलेली.
वारसाचा रकाना कुणाचा रिकामा असेल
हे मी धरलंच नव्हतं.

"रिकामाच आहे," ते म्हणाले.
"कुसुमचं नाव काढून घेतलं मार्चमध्ये.
दुसरं घातलं नाही."

त्या रात्री सर्व्हरच्या फायलीत
दोन नोंदी वाढवल्या:
चारशे चार आला तर हे पान,
पाचशे आला तर ते.
वीस मिनिटांचं काम.
पानं मात्र कोरी होती,
आणि खाली बायपासवर कंटेनर एकामागून एक.

भेंडेसाहेब दुपारीच म्हणाले होते, काहीतरी पुणेरी टाक:
'पत्ता नीट वाचून यावे.
आम्ही येथे चौकशीसाठी बसलेलो नाही.'
सगळे हसले. मीही हसले.
वही टेबलावरच होती.

'क्षमस्व' लिहिलं. खोडलं.
लिफ्टवर चिकटवलेल्या कागदासारखं वाटलं.
'काहीतरी चुकले आहे.' कुणाचं?
चारशेच्या घरातल्या चुका येणाऱ्याच्या,
पाचशेच्या घरातल्या आमच्या,
अशी वाटणी कुणीतरी कधीच करून ठेवलीय.
पण जुना पत्ता आम्हीच मोडला असेल
तर त्या पत्त्यावर आलेला माणूस
चुकला कसा?

शिवाय चुकीचं पान स्वतः चुकता कामा नये.
म्हणून डेटाबेस नाही, लोगो नाही,
दुसऱ्या कुठल्या फायलीवर विसंबणं नाही.
फार छोटंही नको:
पाचशे बारा बाइटांच्या आत असेल
तर काही जुने ब्राउझर ते बाजूला सारतात,
स्वतःचंच काही दाखवतात.
मराठीत ते लवकर भरतात, एका अक्षराला तीन,
काना, वेलांटी, अनुस्वार, सगळे वेगळे मोजून.

पहाटे अडीचला एवढं उरलं:

'हे आमच्याकडून झालं.
तुमचे पैसे जागेवर आहेत.
तुम्ही काही उतरवून घेऊ नका,
आम्ही उतरवून ठेवलं आहे.
फोन करा.'

खाली नंबर, माझ्या टेबलावरचा.

साडेचार पानं आता लॉगमध्ये जातात,
आतल्या खोलीत, जिथे ती आधीच जायला हवी होती.
मी मुद्दाम सर्व्हर पाडून पाहिला, तीनदा.
तीनदा तेच पान आलं,
शांत, पांढरं.

सोमवारी फोन वाजला.
"ढमढेरे बोलतोय. चुकीचा पत्ता टाकून पाहिला, मुद्दाम."
"आलं का पान?"
"आलं. पण त्यात 'सदर पृष्ठ आढळले नाही' लिहिलंय.
आढळतात ते पक्षी. 'सापडलं नाही' करा."

ते दुसरं पान. घाईत भेंड्यांनी लिहिलेलं.
मी फोन न ठेवताच बदललं.

"आणि तो रकाना," ते म्हणाले,
मग थोडा वेळ नुसताच
खडकी स्टेशनवरच्या घोषणेचा आवाज.
"अजून तसाच ठेवलाय.
चालेल ना?"

चालेल, म्हटलं.
दोनशे चौदा दुरुस्त केलीय मी.