नेहमीसारखं चाला

विभागात कॅमेरे दोन. एकाची बॅटरी फुगलेली,
दुसरा कपाटात, किल्ली बिराजदार सरांकडे,
सर परभणीला.
म्हणून अझीमचा मोबाइल, पाण्याच्या जारवर टेकवलेला,
आणि चमकत्या मार्करऐवजी
वजिराबादेतून आणलेलं टिकल्यांचं पाकीट,
मरून, मोठ्या, दहा रुपयांना.

खुबा, गुडघा, घोटा, करंगळीचं मूळ.
पुस्तकातल्या आकृतीला लाज नसते, गुदगुल्या नसतात.
पद्मिनबाई जिमखाना झाडून आली होती,
लुगडं गुडघ्याशी धरून उभी राहिली, हसली :
"अठरा वर्सांनी टिकली लागली,
अन् ती बी गुडघ्याला."

अझीम मोबाइलची काच पुसू लागला.
मी टिकली अंगठ्यानं दाबून धरली,
लागतो त्याहून जास्त वेळ.

दहा मीटर. चुन्याच्या दोन रेघा.
विष्णुपुरीतली मार्चची सकाळ, नऊलाच पाठ भाजणारी.
मी छापील सूचना वाचली : नेहमीसारखं चाला.
ती रेघेवर थबकली.
"नेहमीसारखं म्हंजे?
रिकामं, का वझं घेऊन?"

फॉर्मवर वय आहे, उंची, वजन, पूर्वीची दुखापत.
हा रकाना नाही.
रिकामं, मी म्हणाले.

मला वाटायचं, पावलांचं मला कळतं.
सहावीपासून खो-खो, औशाकडच्या काळ्या रानात,
पाटीत बसलं की मागून येणाऱ्या धापेवरून सांगायचे
आता खो कुणाला मिळणार.
एकदा उठलं की मागं वळायचं नाही, एवढाच नियम.
इथं येऊन कळलं, टाच टेकल्यापासून
तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक आवर्तन,
त्यात साठ टक्के पाय जमिनीचा, चाळीस टक्के हवेचा.
हे लिहून मला वीसपैकी चौदा पडले.

रात्री होस्टेलवर, खडखडत्या पंख्याखाली,
एकेक चौकट सरकवत कोन मोजते.
गुडघा ठीक. घोटा ठीक.
डावा हात झुलतो. उजवा नाही.
उजवा खांद्यातून जरासा उचललेला,
बोटं अर्धी उघडी,
घमेलं कधीच उतरवून ठेवलंय
आणि हाताला ते कुणी सांगितलेलं नाही.

दोष : हस्तदोलनात असमानता, असं लिहिलं.
'दोष' खोडलं. 'वैशिष्ट्य' लिहिलं.
तेही खोडलं, ते तर जास्तच खोटं वाटलं.
रकाना तसाच ठेवून चहा करायला उठले,
दूध नव्हतं.

आणि मग ती शेवटची फाइल.
तिसऱ्या फेरीनंतर तिनं विचारलं होतं, "पळू का?"
कार्यपद्धतीत बसत नव्हतं.
पण नाही कुणी म्हणेपर्यंत ती निघालीच होती,
लुगडं दोन्ही मुठींत,
म्हणजे उजवा हातही खाली आला होता,
त्याला दुसरं काम मिळालं होतं.

चौकट दोनशे एकोणीस.
चालताना एक तरी पाय भुईवर असतो,
पळताना क्षणभर एकही नसतो,
फरक फक्त इतकाच, असं सर शिकवतात.
त्या चौकटीत पद्मिनबाईचे दोन्ही पाय सुटलेले,
तोंड उघडं, पदर मागं,
गुडघ्यावर टिकली नाही.

सर म्हणाले, धावण्याचा भाग काढ,
आपला विषय चाल आहे.
काढला. प्रबंधातून.

टिकली गुरुवारी सापडली,
माझ्याच बुटाच्या तळाला, पुढच्या बाजूस,
जिथून माणूस जमीन मागं ढकलतो तिथं,
मातीनं माखलेली. नखानं काढायला गेले,
सुटेना.