पैकी

मकरपुऱ्याच्या कचेरीत मी पत्रकांचं भाषांतर करायचे,
इंग्रजीतून गुजरातीत,
आणि वाक्य अडलं की आधी मनातल्या मनात मराठीत.
त्या दिवशीचा आकडा होता तीनशे साठ दशलक्ष टन,
पैकी काढता येण्याजोगं फार तर अठ्ठावन्न.
पैकी. गुजरातीतही पैकीच.
या एका शब्दासाठी मला कधी थांबावं लागलं नाही.

तांबवेकर साहेबांनी वार्ताहराला कँटीनमध्ये बसवलं,
खारी चहात बुडवून समोर धरली.
"चहा आहे ना हिच्यात? आता तेवढाच्या तेवढा
परत कपात काढून दाखवा."
हर्षदराय हसले, खारी खाऊन टाकली.
वहीत काही लिहिलं नाही.

सकाळी रावपुऱ्यात पेपर आला:
वडोदऱ्याच्या पोटात तेलाचा समुद्र.
खाली आकडा अगदी बरोबर,
फक्त पैकीपासून पुढचं
कॉलमात मावेना म्हणून कुणीतरी कापलेलं.

समुद्र!
मी पाहिला होता तो दगड,
लाकडी खोक्यात, नंबर घातलेला, मनगटाएवढा जाड.
नाकाशी धरला तर रॉकेलचा जरासा वास,
बोट फिरवलं तर कोरडं.

पादरा रस्त्यावर विघ्याचा भाव दुप्पट झाला.
तिथल्या सेव-उसळवाल्यानं पाटी बदलली,
'तेलक्षेत्र नाश्ता हाऊस',
आणि त्याच्या उसळीवर तर्री तेवढीच राहिली.

दिल्लीत कुणी टनांचे बॅरल केले, सातानं गुणून. ते ठीक.
पुढच्या टेबलावर ते बॅरल टन समजून
पुन्हा गुणले.
वार्षिक अहवालात तळटीप: आधार, वृत्तपत्रं.
पुढच्या वर्षी वृत्तपत्रात: आधार, वार्षिक अहवाल.
लग्नाच्या फोटोतल्या साडूंसारखे
दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे.

खुलासा मीच टाइप केला.
सातव्या पानावर आला, चार ओळी,
हरवलेली मार्कशीट आणि बोअरवेलची जाहिरात, यांच्यामध्ये.
त्यात अठ्ठावन्नचे पंच्याऐंशी झाले होते.
साहेब म्हणाले, "राहू द्या, कालिंदीबाई.
आता याचा खुलासा पाठवला तर..."
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

ते गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली.
विहिरी खणल्या, काही बुजवल्या,
एकीच्या तोंडावर सिमेंटचं झाकण आहे,
त्यावर बकऱ्या चढून बसतात.

परवा दांडिया बाजारात भाचीकडे गेले होते.
तिची ऋत्वी भूगोल पाठ करत होती,
डोळे मिटून, मान हलवत,
आणि तोच आकडा म्हणत होती.
मी चमकून म्हटलं, अगं, हे चुकलंय.
तिनं पुस्तक माझ्यासमोर धरलं.
दोन मार्कांचा प्रश्न, आजी, दर वर्षी येतो.

पुस्तकातलंच लिही, मी म्हटलं.
ती पाणी प्यायला उठली तेव्हा
तिचीच पेन्सिल घेऊन समासात
पैकी
एवढंच लिहिलं, बारीक अक्षरात,
पुसता येण्याजोगं.