येणे बाकी

वार्षिक सभेत, विषय क्रमांक सहाला,
बी-सातच्या नाडगौडांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं:
हे ‘धनबीर रोका, येणे रुपये पंधराशे’
अजून किती वर्षं ओढायचं?

खजिनदार मी.
उत्तर द्यायचं काम माझं.

कोपरखैरणे, सेक्टर आठ. तेव्हा रात्री दोननंतर
कंपन्यांचा वास यायचा, खवट बदामासारखा,
आणि त्याची शिट्टी.
दर तासाला विजेच्या खांबावर काठीचे ठोके,
तीनला तीन, चारला चार,
साडेचारला पाण्याचा व्हॉल्व्ह.
एक ठोका कधी जास्त नाही.
आम्हाला वाटायचं, सैन्यातला असणार.
तो सैन्यात कधीच नव्हता.
लहानपणी मेंढ्या मोजल्या होत्या, तेवढंच.

सगळे त्याला बहादूर म्हणायचे.
हजेरीपटावर मी पूर्ण नाव लिहायचो,
हिशेबाची शिस्त म्हणून. प्रेम म्हणून नव्हे.

त्याच हजेरीपटात, माझ्याच अक्षरात:
‘ता. ११. ड्युटीवर झोपलेला आढळला. दंड रु. २०.’
आढळला मलाच. कुणाच्या तरी लग्नाहून परतत होतो,
तोंडात पानाचा तोबरा.
तो खुर्चीत, मान छातीवर, काठी मुठीत घट्ट.
हाक मारली तर काठी टाकून
त्याने आधी दोन्ही हात वर केले,
मग डोळे उघडले.
घरी मी हे गंमत म्हणून सांगितलं.

रविवारी एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळायचे,
तो त्यांच्याकडे बघत भराभर बोलायचा
आणि एकवीस रुपये झाले
की वाक्य अर्धवट टाकून फोन ठेवायचा.
गावात फोन नव्हता.
बायको दीड दिवस चालत बाजारगावी यायची,
त्या एकवीस रुपयांसाठी.

उचल मागितली तर कारण लिहावं लागतं.
म्हणाला, घरटी एक माणूस मागतात.
कोण?
रात्री येतात ते.
आणि दिवसा येतात ते विचारतात, रात्री कोण आलं होतं.
घरात कोण आहे तुझ्या?
धाकटा. तेरा वर्षांचा.
मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘घरगुती’.

दसऱ्याला गेला.
सोसायटीचा बाटली-हिरवा स्वेटर घालूनच गेला,
छातीवर पिवळ्या दोऱ्यात ‘चंद्रलोक’.
पाचपाचशेचे तीन हप्ते कापायचे राहिले.

वैशाखात मावसभाऊ आला, त्याच्या जागेवर काम मागायला.
उभ्या उभ्या सांगितलं ते एवढंच:
धाकट्याऐवजी हा गेला, रात्रीवाल्यांबरोबर.
तिथे बंदूक दोघांत एक. ह्याच्या वाट्याला शिट्टी आली.
पळाला. दिवसावाल्यांनी धरला,
वाट माहीत म्हणून सगळ्यांच्या पुढे घातला.
मग एका पहाटे, बर्फ होतं, खिंडीत, पहाऱ्यावर

कुणाच्या पहाऱ्यावर?

तो फरशीकडे बघत राहिला.

गोळी कुठल्या बाजूने?

‘दोन्हीकडे आमचीच पोरं, साहेब.’

जागा होता की झोपलेला,
हे मात्र मी विचारलं नाही.

ओळख पटली ती स्वेटरवरून.
चंद्रलोक म्हणजे कुठली पलटण,
यावर म्हणे ते बराच वेळ वाद घालत होते.

नाडगौडा, एवढं सगळं सभेत सांगता येत नाही.
मी म्हटलं, सदर इसम मयत आहे.
जरा वेळ पंख्याचा आवाज.
सूचक कर्णिकबाई, अनुमोदक पिल्ले,
रक्कम एकमताने निर्लेखित.

त्या विसांचं कुणी विचारलं नाही.
ते जमेच्या बाजूला होते.

विषय क्रमांक सात: टाकीची गळती.