बादली दुसऱ्या पायरीवर

जूनचं वीजबिल आलं: चारशे बारा डॉलर.
टुसॉनचा जून म्हणजे
फाटकाची कडीसुद्धा हाताला डसते.
बिल मी फ्रीजवर लावलं,
एवेरार्दोच्या फोटोशेजारी.
त्यालाही बघू दे.

पंप त्यानेच बसवलेला.
दिवसरात्र चालू, पूर्ण वेगात.
"पाणी थांबलं, रोसाल्बा,
की त्याला शेवाळाची स्वप्नं पडतात."
मी तीस वर्षं शाळेची बस हाकली.
चढाला आणि सपाटीला एकच गिअर
कोण ठेवतं, मला माहीत आहे.
बोलले नाही. त्याचा पंप होता.

पाण्यासारखा पैसा खर्च होतो म्हणतात.
आमच्या अंगणात उलटं झालेलं:
पैशासारखं पाणी जायचं,
आणि कुठे गेलं ते सांगता यायचं नाही.

विल्फ्रेड अँटोन आला, पूल दुरुस्त करणारा,
टोपी काढली, फार काही बोलला नाही.
बादली भरून दुसऱ्या पायरीवर ठेवली,
खडूने एक रेघ आत, एक बाहेर.
"तीन दिवस हात लावू नका."
तीन दिवस मी खिडकीतून
बादलीवर पहारा दिला,
दूध उतू जाईल की काय, अशी.

चौथ्या दिवशी दोन्ही रेघा
सारख्याच कोरड्या, बोटभर.
"गळती नाही," तो म्हणाला,
"ऊन पितंय."
उन्हाशी कोण भांडणार?
त्याच्या तोंडावर पांघरूण घातलं, निळं, फुगीर बुडबुड्यांचं.
रोज संध्याकाळी मी आणि मिरेया
दोन टोकं धरून ओढतो,
आजारी माणसाला पांघरावं तसं.
नात मधूनच एखादा बुडबुडा फोडते.
मी न पाहिल्यासारखं करते.

नवा पंप अकराशेचा.
"अर्ध्या वेगाला अर्धी वीज लागत नाही,
जेमतेम आठवा हिस्सा पुरतो," विल्फ्रेड सांगत होता.
मी पाठमोऱ्या बिलावर हिशेब मांडला:
सात महिन्यांत फिटतो.
जुना पंप त्याने गाडीत टाकला.
झाकण मी ठेवून घेतलं.

त्या रात्री झोप लागली नाही.
नवा पंप चालू होता,
पण मांजराच्या श्वासाएवढाच.
भिंतीपलीकडची ती घरघर
इतकी वर्षं मी
त्याचीच समजत होते,
की त्याच्या घोरण्यालाच पंप समजत होते?

ऑगस्टचं बिल: दोनशे सदतीस.
फोटोशेजारी लावलं, जुन्याच्या वर.
एवेरार्दो हसतच होता,
तो जुन्या बिलालाही तसाच हसायचा.

आता रविवारी दुपारी एक तास
मी पंप पूर्ण वेगात सोडते.
पाण्याला गरज नाही. विल्फ्रेडला सांगितलेलं नाही.
पाय पाण्यात सोडून बसते,
पांघरुणाचा एक कोपरा दुमडून.
मग आत येऊन वहीत लिहिते,
किराणा, औषधं, क्लोरीन यांच्या खाली:
आवाज. अठ्ठावीस सेंट.